प्रश्न तुमचे : जंतूचा जीनोम वाचून पोल्ट्रीवाल्याच्या हातात काय पडतं?

मागच्या अंकात कोंबड्यांच्या आजारांवर लिहिताना जीनोम सिक्वेन्सिंगचा उल्लेख जाता जाता केला होता, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए अक्षरन् अक्षर वाचून काढायचा आणि त्यावरून तो कोण, कुठला, काय करू शकतो हे शोधायचं, एवढंच लिहून पुढे गेलो होतो. त्यावर बरेच प्रश्न आलेत. काही फार्मवाल्यांचे, काही डॉक्टर लोकांचे, दोनतीन विद्यार्थ्यांचे. सगळ्यांना पुरणार नाही पण ज्यात खरंच काही सांगण्यासारखं आहे ते घेतलेत.

प्रश्न : माझं ब्रॉयलरचं फार्म आहे. दर बॅचला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मर लागते, पीएम (मेलेला पक्षी उघडून तपासणी) केलं की लिव्हरवर आणि हार्टवर पांढरा पापुद्रा, डॉक्टर म्हणतात ई-कोलाय. शेड धुतो, चुना मारतो, फ्युमिगेशन करतो, तरी पुढच्या बॅचला परत तेच. सिक्वेन्सिंग केलं तर हा नक्की येतो कुठून ते कळेल का?

कळू शकतं दादा, पण एका मेलेल्या पक्ष्याचं सॅम्पल पाठवून नाही कळणार.

आधी एक गोष्ट. ई-कोलाय म्हणजे एकच एक जंतू असं नसतं, निरोगी कोंबडीच्या आतड्यात पण तो असतोच, लिटरमधे (शेडमधे खाली पसरलेल्या भुश्यात) असतो, धुळीत असतो, पाण्याच्या लाईनीत असतो. त्यातले काही मात्र आतड्याबाहेर पडून एअरसॅक (पक्ष्याच्या हवेच्या पिशव्या), लिव्हर, रक्त इथवर पोचतात, त्यांना एपेक म्हणतात, आणि त्यांच्याकडे बहुतेक वेळा कोलव्ही जातीचा एक मोठा प्लाझ्मिड असतो म्हणजे मुख्य गुणसूत्राशिवायचा डीएनएचा वेगळा गोल तुकडा, ज्यावर पक्ष्याच्या अंगातलं लोह ओढून घेणारे आणि रक्तातल्या संरक्षणाला दाद न देणारे जीन्स असतात. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा पाच जीन्सचा संच सुचवला (आयरोएन, ओएमपीटी, एचएलवायएफ, आयएसएस आणि आययूटीए), तो आजही वापरात आहे. पण हे पाच सापडले म्हणजे फक्त 'हा त्रासदायक प्रकारातला दिसतोय' एवढं कळतं. कुठून आला ते नाही कळत.

कुठून आला यासाठी पूर्ण जीनोम लागतो. ई-कोलायचा जीनोम साधारण ५० लाख अक्षरांचा. जंतू वाढताना त्यात अधूनमधून एखादं अक्षर बदलतं, ई-कोलाय-साल्मोनेलासारख्यांत हा वेग ढोबळमानाने वर्षाला एकदोन अक्षरं एवढाच असतो. त्यामुळे तुमच्या मागच्या बॅचमधला आणि या बॅचमधला जंतू शेजारी ठेवले आणि ५० लाखांत चारदोन अक्षरांचाच फरक निघाला तर ते सख्खे भाऊ समजा, हजारो अक्षरांचा फरक निघाला तर फक्त आडनाव सारखं.

आता बघा यातून काय होतं. तीन बॅचचे जंतू सख्खे भाऊ निघाले तर एकतर तो शेडमधेच दबा धरून बसलाय (माझा पहिला संशय नेहमी पाण्याच्या लाईनीवर असतो, आतल्या बुळबुळीत थरावर, कारण भिंती सगळे धुतात पण लाईन आतून कोण धुतं?) किंवा पिल्लांबरोबरच येतोय. हे दोन वेगळे काढायचे तर पिल्लं उतरवताना खोक्यातला कागद, पहिल्या दिवसाची मेलेली पिल्लं, रिकाम्या शेडमधल्या लाईनीचा स्वॅब, सगळ्यांमधून जंतू वाढवून त्यांचेही जीनोम वाचायला लागतात. पिल्लांबरोबर येणं ही काही नुसती शंका नाहीये, नॉर्डिक देशांत ब्रॉयलरमधे मर वाढली होती तेव्हा जीनोम वाचले तर वेगवेगळ्या देशांतल्या फार्मांवर एसटी११७ प्रकारातला (एसटी म्हणजे ठरावीक जीन्सच्या अक्षरांवरून पाडलेला गट) एकच ओ७८ गट (ओ म्हणजे बाहेरच्या आवरणावरून पाडलेला प्रकार) निघाला, आणि माग वर ब्रीडिंग स्टॉककडे, म्हणजे पिल्लांच्या आईबापांच्या कळपांकडे गेला. हा अभ्यास २०१७ साली छापून आलाय. खालचा फार्मवाला शेड कितीही घासत बसला असता तरी त्याच्या हातात काही नव्हतं.

आणि समजा तिन्ही बॅचला तीन वेगळेच ई-कोलाय निघाले, एकाच बॅचमधल्या पाच पक्ष्यांत पण पाच प्रकार, तर मग जंतूच्या मागे पळणं सोडा. तिथे पक्ष्याचं दार कुणीतरी आधीच उघडून ठेवलंय. ब्राँकायटिसचा व्हायरस असेल, मायकोप्लाझ्मा असेल, अमोनिया असेल. २५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला की श्वासनलिकेतले केस झडायला लागतात आणि मग जो ई-कोलाय समोर असेल तो आत जातो. जीनोम कितीही बारकाईने वाचला तरी शेडमधे डोळे चुरचुरत होते हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. खरं सांगायचं तर अशा केसेस मला जास्त दिसतात.

सॅम्पलचं पण सांगतो कारण निम्मी वाट तिथेच लागते. सकाळी शेडमधे पडलेला फुगलेला पक्षी नको. मेल्यावर काही तासांत आतड्यातला ई-कोलाय सगळ्या अवयवांत पसरतो, मग लॅबला जो सापडतो तो आजाराचा आहे का मढ्यातला आहे हे कुणीच सांगू शकत नाही. आजारी पण जिवंत पक्षी न्या, किंवा अगदी ताजा मेलेला. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. एक नाही, निदान पाचसहा पक्षी. हार्ट, लिव्हर आणि जमलं तर हाडातला मगज, कारण मगजात बाहेरची घाण सगळ्यात उशिरा पोचते. बर्फावर ठेवा, गोठवू नका. आणि बरोबर कागदावर वय, शेड, हॅचरी, दिलेल्या लशी, दिलेली औषधं, मरीचा आकडा हे लिहा, यातलं काही नसेल तर जीनोम म्हणजे नुसती अक्षरांची माळ.

प्रश्न : पीसीआर पण डीएनएचीच टेस्ट आहे ना? मग सिक्वेन्सिंगचा हट्ट कशाला?

हट्ट नाहीच. पीसीआरला तुम्ही विचारता 'अमुक जीन आहे का', तो हो किंवा नाही म्हणतो, काही तासांत. जे विचारलं नाही ते तो सांगत नाही. रोजच्या निदानाला पीसीआर पुरतो, आणि नेक्रोटिक एंटरायटिसमधे (आतडं सडवणारा आजार) क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचा नेटबी टॉक्सिनचा जीन बघायचा असेल तर त्यासाठी अख्खा जीनोम वाचणं म्हणजे उगाच खर्च. पण हा नेटबी आधी माहीतच नव्हता बरं का. २००६ पर्यंत सगळे अल्फा टॉक्सिनला दोष देत होते, ऑस्ट्रेलियातल्या गटाने अल्फाचा जीन काढून टाकलेला जंतू पक्ष्यांना दिला तरी आजार झालाच, तेव्हा शोध पुढे गेला आणि नेटबी हाती लागला. आता नेटबी प्लाझ्मिडवर बसतो, एकातून दुसऱ्यात जाऊ शकतो, त्याच्या आजूबाजूला अजून काय काय आहे, हे सगळं जीनोममुळे कळलं. त्यामुळे कुठला पीसीआर करायचा हे ठरवायलाच मुळात आधी कुणीतरी सिक्वेन्सिंग केलेलं असतं.

प्रश्न : लेयरला (अंड्यांच्या कोंबड्यांना) कोंबड्यांच्या टायफॉइडची ९आर लस दिली होती, तरी काही महिन्यांनी मर लागली आणि लॅबने साल्मोनेला गॅलिनेरम (याच टायफॉइडचा जिवाणू) सांगितला. आता शेजारचे म्हणतात लसच उलटली. खरं काय ते कसं कळणार?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण याचं उत्तर साध्या कल्चरने (लॅबमधे जंतू वाढवून बघण्याने) जवळजवळ मिळतच नाही आणि जीनोमने स्वच्छ मिळतं.

९आर ही जिवंत लस, १९५६ पासूनची. यातला आर म्हणजे रफ, म्हणजे जंतूच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची साखळी अर्धवट राहिलेली. आवरण बनवणाऱ्या आरएफएजे नावाच्या जीनमधे एका अक्षराचा बदल झालाय आणि त्यामुळे तो जीन मधेच थांबतो. आता एका अक्षराने थांबलेली गोष्ट एका अक्षराने परत चालू पण होऊ शकते, म्हणून तज्ज्ञांना याची धास्ती असतेच. आणि ती अगदीच हवेतली नाही, बेल्जियममधे आजारी लेयरमधून निघालेले गॅलिनेरम तपासले तर ते ९आर लशीच्याच जवळचे निघाले, हे २०१३ साली छापून आलंय.

पण म्हणून तुमच्याकडे पण तसंच झालं असं धरून चालू नका. बाहेरचा फिल्डमधला गॅलिनेरम, उंदीर, माश्या, शेजारच्या फार्मवरची गाडी, मेलेले पक्षी उघड्यावर टाकणं यातून येणं कितीतरी जास्त सोपं आहे, आणि ९आर काही शंभर टक्के संरक्षण देत नाही. त्यातून आधीच आजार शिरलेल्या फ्लॉकला लस टोचली तर दोष लशीच्या माथी जातो. जीनोम वाचला की आरएफएजेतला तो बदल आहे का नाही, आणि बाकी सगळी अक्षरं लशीशी जुळतात का फिल्डमधल्या जंतूंशी, हे दोन्ही समोर येतं. त्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. लस कंपनीशी बोलायचं असेल तर हा रिपोर्ट हातात घेऊनच बोला, नुसत्या संशयावर नको.

जाता जाता, गॅलिनेरमचा जीनोम बघण्यासारखा आहे. २००८ साली तो एन्टेरिटिडिसच्या (साल्मोनेलाच्याच दुसऱ्या प्रकाराच्या) शेजारी ठेवून वाचला गेला तेव्हा दिसलं की दोघं अगदी जवळचे, पण गॅलिनेरममधे ३०० च्या आसपास जीन्स मोडून पडलेत. आतड्यात शांतपणे राहायला लागणारं बरंच सामान त्याने टाकून दिलंय, हालचाल करायची शेपटी नाही, आणि आता तो फक्त पक्ष्यांच्या अंगात शिरून आजार करण्यापुरता उरलाय. एन्टेरिटिडिस मात्र कोंबडीत गुपचूप राहतो आणि अंड्यातून माणसाला त्रास देतो. यातला कुठला जास्त वाईट ते तुम्ही फार्मवाले आहात का अंडं खाणारे आहात यावर आहे!

प्रश्न : कोंबड्यांच्या कॉलऱ्याची लस नियमित देतो, तरी ब्रीडरमधे (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत) कॉलरा आला. लस बोगस का?

बोगस असेलच असं नाही, न जुळणारी असू शकते. कॉलरा करणाऱ्या पाश्चुरेला मल्टोसिडाच्या मारलेल्या लशी बहुतांशी आपल्याच सीरोटाइपपुरत्या (आवरणावरून पाडलेल्या प्रकारापुरत्या) चालतात. जुन्या पद्धतीत १६ सीरोटाइप, आणि त्या टेस्टचे निकाल लॅबगणिक बदलायचे. जीनोम वाचल्यावर कळलं की आवरण बनवणाऱ्या जीन्सचे मुळात आठच गट आहेत, एल१ ते एल८, आणि एकेका गटातल्या छोट्यामोठ्या बिघाडांमुळे वेगवेगळे सीरोटाइप दिसतात. तुमच्या फार्मवरच्या जंतूचा गट आणि लशीतल्या जंतूचा गट जुळतो का एवढं तपासून घ्या. नसेल जुळत तर फार्मच्याच जंतूपासून लस बनवून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, जिथे नियमात बसतं तिथे. पाश्चुरेलाचा जीनोम छोटा आहे, साडेबावीस लाख अक्षरं, २००१ सालीच पहिल्यांदा वाचून झाला आणि तो जंतू पण कोंबडीतूनच घेतलेला होता.

प्रश्न : लॅबने ई-कोलायचा जीनोम रिपोर्ट दिला त्यात रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणाऱ्या) जीन्सची ही मोठी यादी आहे. आता कुठलं औषध चालेल?

यादीवरून औषध कुठलं *नाही* चालणार ते बऱ्यापैकी कळतं. टेटए दिसला तर टेट्रासायक्लिन बाजूला ठेवा, सल१ किंवा सल२ असेल तर सल्फा विसरा, सीटीएक्स-एम असेल तर सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं गेली. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं वेगळं आहे, तिथे बहुतेक वेळा बाहेरून जीन यावा लागत नाही, जायरेस बनवणाऱ्या जंतूच्या स्वतःच्याच जीनमधे (जायरए म्हणतात) ठरलेल्या जागी अक्षर बदललं की काम झालं, म्हणून रिपोर्टमधे 'जीन्स' आणि 'म्युटेशन्स' दोन्ही तक्ते बघा, लोक दुसरा बघतच नाहीत.

पण चालेल कुठलं हे सांगायला कल्चर सेन्सिटिव्हिटीच (वाढवलेल्या जंतूवर औषधं थेट लावून बघणं) लागते. जीन असून झोपलेला असू शकतो, आणि यादीत नसलेल्या नवीन जीनबद्दल सॉफ्टवेअर गप्प बसतं. एमसीआर-१ चंच बघा ना, कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा हा प्लाझ्मिडवरचा जीन चीनमधल्या संशोधकांनी २०१५ च्या नोव्हेंबरमधे जाहीर केला, आणि मग जगभरच्या लॅबनी आपापले जुने साठवलेले जीनोम परत शोधले तर तो कितीतरी ठिकाणी आधीपासूनच बसलेला होता, कोंबड्यांमधल्या ई-कोलायमधे पण. आधीच्या रिपोर्टमधे त्याचं नाव नव्हतं कारण कुणाला ते माहीतच नव्हतं. त्यानंतर बऱ्याच देशांनी खाद्यातल्या कोलिस्टिनवर बंधनं आणली. म्हणून जुने जीनोम टाकून देऊ नका, कच्चा डेटा लॅबकडून मागून घ्या आणि ठेवा.

अजून एक, रिपोर्टमधे जीन प्लाझ्मिडवर आहे का गुणसूत्रावर हे लिहिलंय का बघा. प्लाझ्मिडवरचा असेल तर एक औषध वापरलं तरी त्याच तुकड्यावर बसलेले बाकीचे चारपाच जीन्स पण फुकटात टिकून राहतात, म्हणजे टेट्रासायक्लिन देत राहिलात तर दुसऱ्याच औषधाचा रेझिस्टन्स पण फार्मवर मुक्कामाला राहतो.

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी आहे. प्रोजेक्टसाठी सिक्वेन्सिंगचं मशीन नॅनोपोर घ्यावं का इलुमिना? आणि कल्चर न करता डायरेक्ट ट्रेकियल (श्वासनलिकेतल्या) स्वॅबमधून करता येईल का?

इलुमिनाचे तुकडे छोटे, १५० ते ३०० अक्षरांचे, पण अचूक. भाऊबंद किती जवळचे ते मोजायचं असेल तर हेच बरं. नॅनोपोरचे तुकडे हजारो अक्षरांचे, त्यामुळे प्लाझ्मिड सलग जुळून येतो, वर सांगितलेला 'जीन बसलाय कुठे' हा प्रश्न सुटतो, मशीन तळहाताएवढं, लॅपटॉपला जोडायचं. आधी त्यात चुका फार असायच्या, आता खूप सुधारलंय, तरी एकच अक्षर सलग सातआठ वेळा आलं की अजून गडबडतं. दोन्ही मिळालं तर उत्तम, नाहीतर प्रश्न काय आहे ते ठरव आणि मग निवड, मशीन बघून प्रश्न ठरवू नकोस. कव्हरेज (प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं ते) निदान ३० पट तरी ठेव.

डायरेक्ट स्वॅबचं म्हणशील तर होतं, पण त्यात बहुतेक डीएनए कोंबडीचाच येतो. तिचा जीनोम १०० कोटी अक्षरांच्या वर, जंतूचा काही लाख, मग तुझे पैसे कोंबडी वाचण्यातच जाणार. १६एस (जिवाणूची ओळख पटवणारा एकच जीन वाचणं) केलंस तर कुठल्या जातीचे जंतू आहेत त्याचा अंदाज येईल, पण हा ई-कोलाय एपेक आहे का साधा, हे १६एस सांगूच शकत नाही. प्रोजेक्टसाठी माझं मत, कल्चर कर, एक कॉलनी उचल, शुद्ध कर, त्याचा डीएनए काढ. रेझफाइंडर, एंटेरोबेस, एएमआरफाइंडरप्लस ही सगळी साधनं फुकट आहेत, आणि सार्वजनिक डेटाबेसमधे लोकांनी टाकलेले पोल्ट्रीचे इतके जीनोम पडलेत की स्वतः एकही सॅम्पल न घेता चांगला प्रोजेक्ट होईल. फक्त तिथल्या नोंदींमधे 'चिकन' एवढंच लिहिलेलं असतं खूपदा. दुकानातलं मांस का आजारी पक्षी, देव जाणे. ते गाळून घे आधी.

प्रश्न : सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनाचा आजार) कधीच पूर्ण जात नाही, तो करणाऱ्या मायकोप्लाझ्माचा जीनोम वाचून काही निघालंय का?

निघालंय. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकमचा जीनोम जेमतेम १० लाख अक्षरांचा, २००३ साली पूर्ण झाला. पेशीभित्तिका बनवायचे जीन्सच नाहीत, म्हणून पेनिसिलिन गटाचा उपयोग शून्य, हे तर आधीपासून माहीत होतं. पण एवढ्याशा जीनोममधे व्हीएलएचए नावाच्या एकाच घराण्याचे चाळीसेक जीन्स बसलेत, पृष्ठभागावरचं प्रथिन बनवणारे, आणि साधारणपणे एका वेळी एकच चालू असतो. कुठला चालू ते ठरतं जीनच्या आधी जीएए ही तीन अक्षरं किती वेळा आलीत त्यावर, बरोबर १२ वेळा असली की चालू, कमीजास्त झाली की बंद. पक्ष्याच्या शरीराने एका वेशाविरुद्ध अँटिबॉडी बनवेपर्यंत हा दुसरा वेश घालून तयार. कधीच न जाण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

फार्मवर उपयोग म्हणाल तर जिवंत लशी (एफ स्ट्रेन, टीएस-११, ६/८५) वापरणाऱ्यांना पॉझिटिव्ह आलेला जंतू लशीचा का बाहेरचा, हे वेगळं करता येतं. पूर्वी चार जीन्सचे तुकडे वाचून ठरवायचे, पूर्ण जीनोमने जास्त खात्रीने होतं. अडचण एवढीच की हा वाढवायला फार चेंगट, आठवडे जातात. आणि हा अंड्यातून उतरतो, त्यामुळे ब्रीडर निगेटिव्ह ठेवणं याला अजून तरी दुसरा उपाय नाही, जीनोम वाचा नाहीतर नका वाचू.

प्रश्न : कोंबडीचे हे जंतू माणसाला होतात का?

गॅलिनेरम, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम, कोरायझा (कोंबड्यांची सर्दी), यांची माणसाने काळजी करू नये. एन्टेरिटिडिसची करावी. २०१४ साली युरोपात अनेक देशांत एकाच वेळी लोक आजारी पडले, तेव्हा रुग्णांमधल्या जंतूंचे जीनोम जुळवत जुळवत माग अंड्यांपर्यंत गेला. आधीच्या पद्धतीने ते सगळे एकाच ढिगात दिसले असते, कारण एन्टेरिटिडिसमधे आपापसात फरकच कमी. ई-कोलायमधे एसटी९५, एसटी११७ असे काही गट कोंबडीत पण सापडतात आणि माणसाच्या लघवीच्या इन्फेक्शनमधे पण, यात नक्की कोण कुणाला देतं यावर अजून भांडणं चालू आहेत.

आणि उलटं पण होतं हे कुणी विचारत नाही. कोंबड्यांच्या पायाचे सांधे सुजवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस घ्या, त्यातला जगभर पसरलेला एक मोठा गट माणसातून कोंबडीत गेलेला आहे, अंदाजे १९७० च्या आसपास. एडिनबराच्या संशोधकांनी २००९ साली हे दाखवलं. माणसात लागणारे काही जीन्स त्याने मोडीत काढले आणि पक्ष्यांमधल्या दुसऱ्या स्टॅफिलोकॉकसकडून नवीन तुकडे उचलले. तेव्हा शेडमधे शिरताना हात धुणं, बूट बदलणं हे पक्ष्यांसाठी पण आहे.

कोरायझा आणि एन्टेरोकॉकस सिकोरम नावाच्या जिवाणूवर तीन प्रश्न आलेत, ते पुढच्या अंकात. ज्यांनी फोटो पाठवून 'हा कुठला आजार' विचारलंय त्यांनी कृपया पक्षी डॉक्टरकडे न्यावा, फोटोवरून मी सांगणार नाही.